चाकू आधी शस्त्र म्हणून आला की अवजार म्हणून?

अवजार म्हणूनच. केनियात लोमेक्वी इथे सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीची दगडी अवजारं सापडली आहेत. दगडाच्या धारदार कपचीने कातडं सोलायचं, हाडावरचं मांस काढायचं, हेच तिचं काम. तांबं, कांसं, लोखंड फार पुढचं. इजिप्तचा राजा तुतनखामनच्या थडग्यातल्या खंजिराचं पातं तर उल्केतल्या लोखंडाचं आहे.

निव्वळ शस्त्र म्हणून घडवलेलं पातं बघायचं असेल तर कट्यार बघा. मूठ आडवी, त्यामुळे ती आवळली की पातं थेट हाताच्या रेषेत येतं. भोसकताना मनगट मुरगळत नाही, अख्ख्या हाताचा जोर टोकावर येतो. काही कट्यारींचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, कड्यांचं चिलखत फोडायला. भाजी चिरायला अगदी निरुपयोगी! बडोद्यात असाल तर लक्ष्मीविलास राजवाड्यातलं शस्त्रागार जरूर बघा, आणि पात्यांइतकंच मुठींकडे लक्ष द्या.

याच्या उलट टोकाला आपली विळी. मराठी घरांत ती अजून दिसते. पातं पाटाला पक्कं, म्हणून भाजी धरायला दोन्ही हात मोकळे. मला ही रचना कट्यारीहून हुशारीची वाटते. शिवाय टोकाला नारळ खवायची सोय असते ती वेगळीच.