ठेकेदारामार्फत माणसे घेण्यापूर्वी: वीसचा आकडा आणि चलनामागची यादी

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. सातपूरमधील आपल्या फरसाणाच्या कारखान्यात १७ माणसे स्वतःच्या पगारपत्रकावर आहेत आणि दिवाळीपूर्वीच्या तीन-चार महिन्यांत आणखी १२ जण लागतात. ही १२ माणसे मजूर ठेकेदाराकडून घेतली, तर आपली संख्या २० च्या, म्हणजे पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) लागू होण्याच्या मर्यादेच्या, खाली राहील आणि पीएफची जबाबदारी ठेकेदाराकडे जाईल, असे आपल्याला सांगण्यात आले आहे. माझ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात एका मनुष्यबळ एजन्सीच्या प्रतिनिधीने जवळजवळ याच शब्दांत हेच आश्वासन दिले होते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी एक खुलासा करतो. मी वकील नाही, सनदी लेखापालही नाही. माझे प्रकरण १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्याखालचे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या असल्यामुळे कलमांचे क्रमांक आणि काही तरतुदी आता वेगळ्या आहेत. त्या आपल्या सल्लागाराकडून तपासून घ्याव्यात, मात्र माणसे मोजण्याचे तत्त्व तेच आहे असे समजून चालावे.

वीसचा आकडा मोजताना ठेकेदाराची माणसे वगळता येत नाहीत. जो माणूस आस्थापनेच्या कामासाठी, तिच्या आवारात, ठेकेदारामार्फत का होईना, राबतो, तो त्या आस्थापनेचा कर्मचारी धरला जातो. म्हणजे आपली संख्या १७ नसून हंगामात २९ आहे. जुन्या कायद्याखाली एकदा संख्या २० ला पोहोचली की नंतर ती कमी झाली तरी कायदा लागूच राहत असे, त्यामुळे पाडव्यानंतर १२ जण गेले म्हणून सुटका होत नाही. तात्पुरत्या आणि अनपेक्षित अडचणीसाठी थोडे दिवस घेतलेली माणसे मोजू नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७१ चा एक निर्णय आहे आणि काही सल्लागार तो दाखवतात. पण फरसाणाच्या धंद्यात दरवर्षी येणारी दिवाळी अनपेक्षित होती, असे कोणासमोरही मांडता येणार नाही. शिवाय ईएसआयसीसाठी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी, मर्यादा १० माणसांची आहे, म्हणजे त्या योजनेत आपण आजच बसता. नोंदणी झाली नसेल, तर ती आधी करावी.

आता आम्हाला सर्वांत महागात पडलेल्या गोष्टीकडे येतो. आमच्या एजन्सीकडे स्वतःचा पीएफ कोड होता. तिच्या मासिक बिलात वेतन, पीएफ, ईएसआयसी आणि सेवाशुल्क वेगवेगळे दाखवलेले असे, सोबत त्या महिन्याचे भरणा झालेले चलन जोडलेले असे आणि आम्ही संपूर्ण बिल बँकेतून चुकते करत असू. आमच्याकडील एका हेल्परला आईच्या उपचारांसाठी पीएफमधून आगाऊ रक्कम हवी होती. त्याने पासबुक उघडले, तर सुरुवातीचे काही महिने सोडले तर त्यात एकही जमा नव्हती. चौकशी केल्यावर उलगडा झाला. चलनावर फक्त एकूण रक्कम आणि सभासदांची संख्या असते. त्यामागे कोणाची नावे आहेत, हे ईसीआर या स्वतंत्र विवरणपत्रात असते. एजन्सी आपल्या सर्व ग्राहकांच्या माणसांपैकी काहींचाच एकत्र भरणा करून तेच एक चलन प्रत्येक कारखान्याला दाखवत होती. चलन खरे होते, पैसेही भरलेले होते, पण आमच्याकडील बहुतेकांची नावे त्या भरण्यात नव्हती.

एजन्सीच्या लबाडीपेक्षाही मला जास्त लागले ते पुढे भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयात जे घडले ते. कलम ७अ खालची, म्हणजे थकलेली रक्कम ठरवण्याची, चौकशी सुरू झाली. आम्ही हजेरीपट, गेटवरचे रजिस्टर, एजन्सीची बिले आणि बँकेचे उतारे दाखल केले. एजन्सीला समन्स काढून तिच्याकडील नोंदी मागवाव्यात आणि कोणत्या कामगाराचे किती थकले आहे हे नावानिशी ठरवावे, असा लेखी अर्जही केला. ही मागणी काही जगावेगळी नव्हती. भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे, की अधिकाऱ्याला पुरावा मागवण्याचे अधिकार आहेत आणि ठेकेदारांकडील नोंदी मागितल्या असता त्याने ते वापरले पाहिजेत. त्या निर्णयाची प्रत आम्ही जोडली होती. तरी दर तारखेला तीच कागदपत्रे पुन्हा मागितली गेली, मधेच अधिकारी बदलले, आधी दिलेली फाइल सापडत नसल्याचे सांगण्यात आले आणि एजन्सीला समन्स कधीच निघाले नाही. शेवटी आमच्या बिलांच्या एकूण रकमेवरून वेतनाचा अंदाज बांधून आदेश काढण्यात आला. त्यात एजन्सीने प्रत्यक्ष भरलेल्या महिन्यांचीही वजावट मिळाली नाही. त्यानंतर १२ टक्के दराने व्याज आणि विलंबाची नुकसानभरपाई, अशा दोन वेगळ्या नोटिसा आल्या.

अपील करायचे, तर तेव्हाच्या नियमाप्रमाणे आदेशातील रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागत होते. न्यायाधिकरणाला ही अट शिथिल करता येत असे, पण ते गृहीत धरून छोटा कारखाना चालवता येत नाही. नव्या संहितेत हे प्रमाण २५ टक्क्यांवर आले आहे आणि या एका बदलाचे मी मनापासून स्वागत करतो. आम्ही पैसे भरले. मात्र आदेशात नावेच नसल्यामुळे ती रक्कम त्या हेल्परच्या खात्यात पोहोचली नाही. त्याच्या आईच्या उपचारांची सोय आम्ही कारखान्यातून केली, पण त्याचा हक्काचा पैसा त्याला त्या कार्यालयाने द्यायला हवा होता. एका वेतनावर कारखान्याकडून दोनदा वसुली होते आणि कामगाराला एकदाही पैसा मिळत नाही, अशी कार्यपद्धती कोणाचे रक्षण करते, हे मला आजतागायत कळलेले नाही.

एजन्सीचा स्वतंत्र कोड असेल तर तीच जबाबदार, असे सांगणारे काही उच्च न्यायालयांचे निर्णय आहेत, पण तेथपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ आणि पैसा आपल्याजवळ असेलच असे नाही. म्हणून ठेकेदार ठेवायचाच असेल, तर केवळ चलन पाहून बिल मंजूर करू नये. ज्यात आपल्या माणसांची नावे, यूएएन (प्रत्येक सभासदाचा पीएफ क्रमांक) आणि वेतन आहे, अशी ईसीआरची संपूर्ण यादी घ्यावी आणि ती आपल्या हजेरीपटाशी ताडून पाहावी. मागील महिन्याची यादी जुळल्याशिवाय चालू महिन्याचे बिल देऊ नये आणि ही अट करारात लिहून घ्यावी. तसेच दर तिमाहीला चार-पाच कामगारांना त्यांच्या मोबाइलवर पासबुक उघडायला सांगावे, कारण यादीत फेरफार करता येतो, पण पासबुक कामगाराचे स्वतःचे असते. ईएसआयसीचेही असेच तपासावे. तळणीच्या कढईजवळ काम करणाऱ्या माणसाचा विमा क्रमांक अपघातानंतर शोधावा लागणे फार वाईट असते.

माझे स्वतःचे मत मात्र याहून पुढचे आहे, आणि ते सर्वांना पटेल असे नाही. तळणे, मसाला मिसळणे, वजन करून पॅकिंग करणे ही आपल्या धंद्याची मुख्य कामे आहेत. ती करणारी माणसे आपल्याच पगारपत्रकावर असावीत. नव्या संहितेनेही ५० किंवा अधिक ठेका कामगार असलेल्या ठिकाणी मुख्य कामांत ठेका पद्धतीवर, काही अपवाद सोडून, बंदी घातली आहे. आपली संख्या त्याहून कमी असली, तरी दिशा ओळखावी. रखवालदार, साफसफाई, मालाची चढउतार यांसाठी ठेकेदार असणे मला वावगे वाटत नाही.

हंगामी १२ जणांना निश्चित मुदतीच्या नेमणुकीवर थेट घ्यावे. नेमणूकपत्रात सुरुवातीची आणि शेवटची तारीख, काम आणि वेतन लिहावे. कायम कामगाराइतकेच वेतन व सोयी त्यांना द्याव्या लागतात, आणि द्यायलाच हव्यात. मुदत संपल्यामुळे नोकरी संपली, तर ती कामगारकपात ठरत नाही. नव्या संहितेनुसार एक वर्ष काम केलेल्याला प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते, पण आपला हंगाम तेवढा लांबत नाही. हिशेब चुकता करायला मात्र आता दोनच कामाचे दिवस मिळतात, तेवढी रोकड बाजूला ठेवावी.

खर्चाचा हिशेबही मांडून पाहावा. ₹१५,००० वेतनावर मालकाचा पीएफ सर्व शुल्कांसह १३ टक्के म्हणजे ₹१,९५० आणि ईएसआयसी ३.२५ टक्के म्हणजे सुमारे ₹४८८, मिळून ₹१७,४३८ होतात. समजा ठेकेदार यावर ८ टक्के सेवाशुल्क घेतो, तर ₹१८,८३३ होतात, आणि त्या संपूर्ण रकमेवर १८ टक्के जीएसटी धरला, तर बिल ₹२२,२२३ चे होते. जीएसटीचे क्रेडिट मिळते हे खरे, पण पाकीटबंद फरसाणावरील कर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे. १८ टक्क्यांचे क्रेडिट साचत गेले, तर सेवांवरील कराचा परतावा उलट्या करदराच्या (खरेदीवरील कर विक्रीवरील करापेक्षा जास्त असताना लागणाऱ्या) सूत्रात मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कायम केले आहे. हा मुद्दा आपल्या लेखापालाला आवर्जून विचारावा.

पॅकिंगला बहुधा महिला असतील, म्हणून दोन गोष्टी सांगतो. ₹२५,००० पर्यंत मासिक वेतन असलेल्या महिलांना महाराष्ट्रात व्यवसायकर नाही, तरी अनेक ठिकाणी सवयीने ₹२०० कापले जातात. आणि ईएसआयसीची नोंदणी असेल, तर पात्र महिलेला २६ आठवड्यांचा प्रसूतिलाभ महामंडळ देते, त्याचा भार कारखान्यावर येत नाही.

पगारपत्रकावरील १७ पैकी काहींना ‘कन्सल्टंट’ दाखवून १० टक्के टीडीएस कापावा, असाही सल्ला आपल्याला कोणी देईल. ज्याची हजेरी आपण घेतो, ज्याची रजा आपण मंजूर करतो आणि ज्याला आपलाच सुपरवायझर काम वाटून देतो, तो माणूस कागदावर काहीही लिहिले तरी कर्मचारीच ठरतो. तो सल्ला मानू नये. पीएफची नोंदणी हंगामी माणसे कामावर येण्याच्या आधी करून घ्यावी, म्हणजे पहिल्या महिन्याचा भरणा पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करता येईल.