स्टेशनातून बाहेर पडणाऱ्यालाही विचार

पोरी,

कोल्हापूर स्टेशनाभोवतीचा परिसर पायी चालणाऱ्यांसाठी आखायचा तुझा नकाशा मिळाला. रंग झकास भरलेत. पण रहिवाशांची बैठक तू नकाशा पक्का झाल्यावर ठेवली आहेस, ती आधी घे. पक्की रेघ दिसली की माणूस एकच विचारतो, "माझं किती फूट जाणार?" रुंदीकरण म्हटलं की पेठेतल्या दुकानदाराच्या पोटात गोळाच येतो. तो प्रश्न एकदा सभेत उठला, की फूटपाथ, सावली, बाकडी यांवर कोणी बोलणार नाही.

१८९१ ला मिरजेहून रेल्वे आली आणि पाठोपाठ शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारी पेठ वसवली. स्टेशनाच्या आसऱ्याने वस्ती आखणं आपल्याला नवं नाही. तेव्हा हिशोब मालाचा होता, तुला पायी चालणाऱ्यांचा करायचाय. स्टेशनाभोवती वस्ती आखायच्या केंद्राच्या २०१७ च्या धोरणात स्टेशनपासून ५०० ते ८०० मीटरचा टापू धरलाय, म्हणजे साधारण दहा-बारा मिनिटांची चाल. तू कंपासने वर्तुळ काढलंस, त्यात राजारामपुरीची कड शाहूपुरीला चिकटून दिसते. पण मधे रूळ आहेत ना! आणि पावसाळ्यात रुळांखालून जायच्या वाटेवर, परीख पुलाखाली, पाणी साचलं की वर्तुळाचा अर्धा भाग कागदावरच राहतो. तिथून रोज जाणाऱ्या एखाद्या बाईला पेन्सिल दे आणि तिचा टापू तिला काढू दे.

लोक बोलतील का, ही काळजी कोल्हापुरात नको. आंदोलन करून टोल घालवलेलं गाव आहे हे. इथं अडचण अशी की तेच ते बोलतात: तालमीचे, मंडळाचे पदाधिकारी, माजी नगरसेवक, व्यापाऱ्यांचे पुढारी. त्यांना मान दे, पहिली बैठक तालमीतच घे, नाहीतर दुसरी होणारच नाही. पण संध्याकाळी तालमीत बायका येणार नाहीत. त्यांच्यासाठी दुपारची वेळ धर, शाळा सुटायच्या आधीची. एखाद्या भिशीत जाऊन बस आणि नकाशा पिशवीतच ठेव.

आणि सगळ्यात जास्त चालणारा माणूस तुझ्या यादीतच नाही. रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूरहून रोज पॅसेंजरने येणारे. दुकानांतली पोरं, नर्स, कॉलेजची मुलं. प्रभागाच्या मतदारयादीत त्यांचं नाव नसतं, म्हणून कुठल्याच बैठकीचं बोलावणं त्यांना जात नाही. 'रहिवासी' म्हणून फक्त घरमालक मोजलेस, तर पार्किंगचाच आराखडा हातात येईल. ही माणसं सापडणंही सोपं आहे. आपलं स्टेशन म्हणजे लाइनचं शेवटचं टोक, परतीची गाडी लागली की लोक जागा धरून बसतात. स्टेशन मास्तरांची परवानगी घे आणि दोनच गोष्टी विचार: उतरल्यावर कुठं जाता, आणि कुठल्या ठिकाणी चालायचं सोडून रिक्षा नाहीतर वडाप (शेअर जीप) धरता? ती ठिकाणं नकाशावर टिंबांनी दाखव. टिंबं जिथं दाटतील तिथून काम सुरू कर.

मग दहा-बारा जणांना घेऊन चाल. सोबत टेप, खडू, एक काठी टेकणारे आजोबा आणि बाबागाडीवाली आई. रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस फूटपाथला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगते. खांब, विजेची डीपी पेटी आणि आडवी लावलेली बुलेट वजा करून मोज. उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. आजोबा जिथं फूटपाथ सोडून रस्त्यावर उतरतील तिथं खडूने फुली मार, उतरण्याचं कारण त्यांच्याच तोंडून ऐक आणि तिथल्या तिथं लिहून घे. इंजिनिअर मंडळींना या फेरीला आणच. नाहीतर ऑफिसात बसून तुझ्या फुल्यांवर ते हसतील.

गाडेवाल्यांना अतिक्रमण समजून वगळू नकोस. २०१४ च्या कायद्याने शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी त्यांचेच असतात. रात्री उशिरा उतरणाऱ्या मुलीला विचारून बघ, भज्याच्या गाड्यावरचा दिवा तिला किती आधार देतो ते. गाडा कुठं उभा राहावा यावर भांडण होईल. होऊ दे.

पार्किंगवर व्यापाऱ्यांशी वाद घालत बसू नकोस. वाहतूक पोलिसांना घेऊन आठवडाभर बॅरिकेड लावून पार्किंग बंद ठेवून बघू म्हण, आणि गिऱ्हाइकं त्यांनीच मोजावीत.

१९६६ च्या नगररचना कायद्यातल्या हरकती-सूचना ही अगदी शेवटची पायरी. तिथवर पोचलेला माणूस बहुतेक वकील घेऊनच येतो. त्याआधी कोणाची कुठली सूचना घेतली, कुठली नाही आणि का नाही, याचा एक मोठा कागद स्टेशनबाहेर आणि तालमीच्या फळ्यावर लाव. नाकारलेल्या सूचना वर लिही. लोक आधी त्याच शोधतात.

बैठकीच्या नोटीसचा मसुदा छापायच्या आधी मला पाठव. आणि हॉलचं भाडं भरलं असशील तर परत माग.

तुझा,
काका