जाहिरात तू वाचलीस का?

पोरा,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. सात परीक्षांची नावं आणि खाली एकच ओळ, 'सर, यातल्या मी कुठल्या देऊ शकतो?' आधी एवढंच सांग, सातपैकी किती जाहिराती तू स्वतः वाचल्यास? अभ्यासिकेतल्या मित्राने सांगितलेलं धरत नाही, टेलिग्रामवरचा तक्ताही नाही. मूळ जाहिरात, शेवटच्या पानापर्यंत.

एकही नाही ना? वाटलंच.

'वय गेलं' म्हणतोस. कशाचं गेलं? ओबीसीत आहेस, 29 पूर्ण. राज्यसेवेला तुला 43 पर्यंत मुभा आहे, यूपीएससीला 35. बँकेच्या क्लार्कला मात्र 31. शिवाय वय कोणत्या तारखेला मोजायचं तेही प्रत्येकाचं वेगळं; यूपीएससी 1 ऑगस्ट धरते. आणि हे आकडेसुद्धा मी सांगितले म्हणून खरे मानू नकोस. जाहिरात वाच.

खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आलाय. फौजदार व्हायचं म्हणून दोन वर्षं पहाटे मैदानावर पळतोयस, आणि परवा सहज बोलून गेलास की उंची 164 भरते. अरे, पीएसआयला पुरुषांना अनवाणी 165 लागते! बूट विकत घ्यायच्या आधी वाचायची ओळ होती ती.

चिडतोय, कारण माझंही असंच झालंय. निवड यादीत नाव होतं, आईने पेढे वाटून झाले होते. कागदपत्र पडताळणीला टेबलापलीकडच्या बाईंनी माझ्या आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन-क्रिमिलेयर दाखल्यावरच्या तारखेखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढली आणि फाइल मिटली. अर्जाची मुदत संपल्यावर चार दिवसांनी काढलेला दाखला. जाहिरातीत ते स्वच्छ लिहिलेलं होतं. कोर्टात का गेला नाहीस, असं लोक अजून विचारतात. कुठल्या तोंडाने जाणार होतो? आणि पुढे खासगीत माझं काही अडलं नाही. बहिणींची लग्नं झाली, घर झालं. असो, तो विषय नको.

तुझा जातीचा दाखला राज्याच्या नमुन्यातला आहे. केंद्राच्या भरतीला तो चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो. उद्याच सेतू केंद्रात जा, जाहिरात निघाल्यावर धावाधाव नको. राज्यसेवेला, तलाठ्याला तुझी बी.कॉम. पुरते. लिपिक-टंकलेखकाला मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं टायपिंग हवं. ते तुझ्याकडे आहे की नाही, हे तू मला कधी सांगितलंच नाहीस.

रविवारी ये. मागच्या वेळच्या सातही जाहिराती छापून आण, पेन्सिल मी देतो. आणि उंची पुन्हा मोज, भिंतीला टाचा टेकवून, सकाळी उठल्या उठल्या. संध्याकाळपर्यंत माणूस थोडा कमी भरतो.