डावलून, परस्पर, की विरोधकांच्या मतांवर?

चाळीसगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवतात, आणि अमेरिकेच्या नाफ्टा कराराबद्दल (अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापाराचा करार) नोट्स काढताना त्यांनी वाक्य लिहिलं की 'अध्यक्ष क्लिंटन यांनी विरोधकांशी हातमिळवणी करून हा करार संसदेत मंजूर करून घेतला'. तर वर्गातल्या एका मुलाने विचारलं, मॅडम, म्हणजे क्लिंटनने काही गैर केलं होतं का? ताईंना तसं म्हणायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की स्वतःच्या पक्षाला बाजूला ठेवून विरोधी पक्षाच्या मदतीने काम करून घेणं, याला मराठीत सरळ, आरोप न करणारा शब्द आहे का?

ताई, त्या मुलाचा कान चांगला आहे. हातमिळवणी हा शब्द दिसायला एकदम साधा, हातात हात मिळवला एवढंच, पण वर्तमानपत्रात आणि भाषणात तो इतकी वर्षं 'शत्रूशी हातमिळवणी', 'आतून हातमिळवणी' अशाच जोडीने येतोय की आता तो ऐकला की कुणीतरी कुणालातरी फसवलं असंच वाटतं. संगनमत तर त्याहून पुढचा, तो पोलीस स्टेशनच्या फिर्यादीतला शब्द झालाय, 'आरोपींनी संगनमताने' म्हणलं की पुढे गुन्हाच येणार. साटंलोटं मुळात लग्नाचा शब्द, यांची मुलगी त्यांच्या घरी आणि त्यांची मुलगी यांच्या घरी, म्हणजे देण्याघेण्याचा व्यवहार, पण राजकारणात आला आणि त्याचा अर्थ छुपा सौदा असा झाला. मिलीभगत, सेटिंग, छुपी युती हे सगळे त्याच घरातले. यातला एकही शब्द नोट्समध्ये चालणार नाही.

मग विरोधकांचं बाजूला ठेवून आधी स्वपक्षाचं काय केलं त्याचा शब्द शोधू, कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे. विरोधकांबरोबर काम करणं यात सांगण्यासारखं काही नाही, सगळ्याच सभागृहात ते होत असतं, आमच्याकडे जिल्हा बँकेच्या आणि बाजार समितीच्या निवडणुकीत सर्वपक्षीय पॅनल बनतं तेव्हा कुणाला आश्चर्य वाटत नाही. बातमी होते ती घरच्यांना सोडल्याची. आणि घरच्यांना कसं सोडलं, विचारून, न विचारता, की तोंडावर, यासाठी मराठीत वेगवेगळे शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

सगळ्यात आधी परस्पर. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. पाठ्यपुस्तकात परस्पर म्हणजे एकमेकांशी, परस्पर सहकार्य, परस्पर विश्वास वगैरे. पण बोलीत परस्पर म्हणजे ज्याच्यामार्फत व्हायला हवं होतं त्याला मधे न घेता. आमच्याकडे कापसाच्या सीझनला खेडा खरेदीवाले येतात, दारातच काटा लावतात, कापूस मोजतात, रोख देतात आणि गाडी जिनिंगला रवाना, बाजार समितीत जायचं कामच नाही. संध्याकाळी वडील घरी येतात, खोली रिकामी दिसते आणि पोराला विचारतात, 'परस्पर इकून टाकला का रे?' भाव चांगला मिळाला असेल तरी हा प्रश्न येतोच. अहिराणीत मग एकच वाक्य असतं, 'माले इचारं बी नही'. परस्परमधली तक्रार नफ्यातोट्याची नसते, न विचारल्याची असते. बँकेतून परस्पर पैसे काढले, सातबाऱ्यावरचं नाव परस्पर कमी केलं, या बातम्यांमध्ये पण तेच.

आता हा शब्द अमेरिकेच्या कुठल्या प्रसंगाला बसतो ते बघा. डिसेंबर 2010, अध्यक्ष ओबामा. बुश यांच्या काळात दिलेल्या करसवलती संपत आल्या होत्या आणि ओबामांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं म्हणणं होतं की श्रीमंतांची सवलत तरी बंद करा. पण समझोता झाला तो उपाध्यक्ष बायडन आणि सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांच्या बोलण्यातून, सगळ्यांच्याच सवलती 2 वर्षांनी वाढवल्या, बदल्यात बेरोजगारांचा भत्ता पुढे चालू राहिला. प्रतिनिधीगृहातले, म्हणजे तिकडच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहातले, डेमोक्रॅट खवळले, त्यांनी आपल्या अंतर्गत बैठकीत हा समझोता आहे तसा सभागृहात आणू नये असा ठराव पण केला. तरी तो मंजूर झालाच. इथे 'ओबामांनी परस्पर समझोता केला' हे वाक्य अगदी नेमकं आहे. फक्त लिहिताना एक काळजी घ्या, 'विरोधकांशी परस्पर समझोता' असं लिहिलं तर वाचणारा परस्पर म्हणजे एकमेकांच्या संमतीने असा अर्थ घेऊ शकतो, म्हणून 'स्वपक्षीयांना न विचारता परस्पर' असं जोडून लिहा, मग गोंधळ राहत नाही.

डावलणे वेगळं. डावलायला समोरच्याचा हक्क लागतो. परक्या माणसाला कुणी डावलत नाही. वीस वर्षं पक्षाचं काम केलेल्याला सोडून काल आलेल्याला तिकीट दिलं की डावललं म्हणतात, आणि हा शब्द नेहमी ज्याला वगळलं त्याच्या बाजूने बोलतो, त्याच्यात त्याचं दुखणं आहे. त्यामुळे माणूस समोर बसलेला असताना पण त्याला डावलता येतं, परस्परसाठी मात्र तो तिथे नसायला हवा. सप्टेंबर 2017 मध्ये ट्रम्प यांनी हेच केलं. व्हाइट हाउसमध्ये बैठक, रिपब्लिकन पक्षाचे पॉल रायन आणि मॅकॉनेल तिथेच बसलेले, सरकारच्या कर्जमर्यादेची मुदत किती वाढवायची हा विषय. स्वपक्षाचे नेते जास्त मुदत मागत होते, विरोधातले चक शूमर आणि नॅन्सी पेलोसी म्हणत होते 3 महिने, आणि ट्रम्प यांनी आपल्या माणसांच्या समोर विरोधकांचं ऐकलं. त्याच दिवशी सकाळी रायन यांनी त्या 3 महिन्यांच्या कल्पनेवर जाहीर टीका केलेली होती. हार्वे वादळाच्या मदतीसकट ते विधेयक प्रतिनिधीगृहात 316 विरुद्ध 90 मतांनी पास झालं आणि ते विरोधातले 90 च्या 90 रिपब्लिकन होते, म्हणजे अध्यक्षाच्याच पक्षाचे. इथे परस्पर चुकीचं, कारण सगळं डोळ्यांदेखत झालं. इथे डावललं हाच शब्द.

बगल देणे पण बरेच लोक वापरतात पण ते माणसासाठी नाही, प्रश्नाला बगल देतात, मुद्द्याला बगल देतात. फाटा देणे हे रीतीभातीला, 'चर्चेला फाटा देऊन'. धाब्यावर बसवणे हे नियमाला. (आमच्या जुन्या गावात धाब्याची घरं अजून आहेत, मातीचं सपाट छप्पर, त्यामुळे खान्देशातल्या माणसाला हा वाक्प्रचार ऐकताना धाबं डोळ्यासमोर दिसतं, शहरातल्या मुलांना धाबा म्हणजे हायवेवरचं हॉटेल वाटतं आणि मग अर्थच लागत नाही, मुलांना हे सांगा.) म्हणजे 'पक्षाचा जाहीरनामा धाब्यावर बसवला' चालेल, 'पक्षाला धाब्यावर बसवलं' जरा ओढूनताणून होतं.

आणि बायपास करणे? ताईंनी हा पण विचारलाय, इंग्रजी आहे म्हणून सोडायचा का. माझं मत, बोलताना बिनधास्त वापरा. पाळधी-तरसोद बायपासचं नाव घेत घेत जळगावकरांची वर्षं गेली, हा शब्द आता आपलाच आहे, आणि 'मला बायपास करून साहेबांकडे गेला' हे तर ऑफिसात रोज ऐकू येतं. डावलण्याइतकं दुखणं त्याच्यात नाही हा त्याचा फायदा. पण तो कुणाला टाळलं एवढंच सांगतो, काम कुणाच्या बळावर झालं ते सांगत नाही.

आता मूळ वाक्यातल्या क्लिंटनकडे येतो, कारण तिथे मला डावलणे पण नको वाटतं आणि परस्पर तर नकोच. 17 नोव्हेंबर 1993 ला प्रतिनिधीगृहात मतदान झालं, 234 विरुद्ध 200. त्या 234 मध्ये रिपब्लिकन 132 आणि क्लिंटनच्या स्वतःच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे 102. विरोधात गेलेले डेमोक्रॅट 156. म्हणजे घरच्यांपेक्षा विरोधकांची मतं जास्त पडली. पण यात लपवाछपवी काही नव्हती, क्लिंटन महिनोन्‌महिने स्वपक्षाच्या खासदारांना समजावत होते, फोन करत होते, ते ऐकले नाहीत. कामगार संघटना विरोधात, सभागृहातले बहुमताचे नेते गेफार्ट विरोधात, आणि पक्षाचे प्रतोद डेव्हिड बोनियर यांनी तर विरोधाची मोहीमच चालवली. आपल्याकडच्या मुलांना हे वाचून धक्का बसतो, कारण आपल्याकडे प्रतोद म्हणजे पक्षादेश काढणारा, आणि 1985 ला पक्षांतरबंदीचा कायदा आल्यापासून तो आदेश मोडला की आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. तिकडे तसं काही नाही. अध्यक्ष सभागृहाच्या बहुमतावर टिकून नसतो, मतदानात हरला तरी सरकार पडत नाही, आणि खासदाराने अध्यक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून त्याची जागा जात नाही. म्हणून त्या 156 जणांना बंडखोर म्हणणं चूक आणि क्लिंटनला फितूर म्हणणं पण चूक. तिथे 'स्वपक्षाला न जुमानता' किंवा 'स्वपक्षाचा विरोध पत्करून' म्हणा. पत्करणे हे क्रियापद मला इथे सगळ्यात योग्य वाटतं कारण त्यात काय होणार हे माहीत असून केलं हा भाव आहे.

राहिला शब्द अध्यक्षाचा. अमेरिकेच्या बाबतीत अध्यक्ष किंवा राष्ट्राध्यक्षच लिहा, राष्ट्रपती नको. राष्ट्रपती म्हणलं की आपल्याला राष्ट्रपती भवन दिसतं, आणि आपले राष्ट्रपती पक्षाच्या वर समजले जातात, त्यांनी स्वपक्षाला डावललं हे वाक्यच आपल्या कानाला खटकतं. गंमत म्हणजे स्वातंत्र्याच्या आधी काँग्रेसच्या अध्यक्षालाच राष्ट्रपती म्हणायची पद्धत होती, 1936 च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, त्याचे अध्यक्ष पंडित नेहरू, तर तेव्हाच्या भाषेत ते राष्ट्रपती होते. तेव्हा हा पक्षातला शब्द होता, आज तो पक्षापलीकडचा आहे.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर ते राष्ट्रपतींचं नाही, राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचं आहे. 1969, इंदिरा गांधी पंतप्रधान, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, आणि त्यांच्या अर्जावर इंदिराजींचीच सही. तरी ऐनवेळी त्यांनी खासदार-आमदारांना सद्सद्विवेकबुद्धीने मत द्या म्हणून सांगितलं आणि अपक्ष वि. वि. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आले. याला डावलणे कमी पडतं. आपल्याकडे गावातल्या सोसायटीच्या निवडणुकीपासून यासाठी शब्द आहे, पाडला. आपल्याच पॅनलचा उमेदवार पाडला. पुढे नोव्हेंबरमध्ये काँग्रेस फुटली आणि इंदिराजींचं सरकार कम्युनिस्ट आणि द्रमुकच्या पाठिंब्यावर टिकलं.

आणि हे सगळे शब्द बोलणारा कुठे उभा आहे त्यावर पण बदलतात. 2007 ला आपल्या जळगाव जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदाला उभ्या राहिल्या, समोर भाजपच्या आघाडीचा पाठिंबा असलेले भैरोसिंह शेखावत, आणि शिवसेनेने भाजपशी युती असून मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना मतं दिली. युतीधर्म मोडला असं म्हणणारे होते, पण जळगावात तुम्हाला कुणी हातमिळवणी म्हणताना भेटलं नसतं, इथे सगळे म्हणायचे आपल्या ताईंना साथ दिली. घटना तीच, पण साथ आणि हातमिळवणी यात केवढं अंतर आहे बघा. परीक्षेच्या नोट्समध्ये म्हणूनच दोन्ही टाळायचे.

विरोधकांकडच्या बाजूला मी 'मतांवर', 'पाठिंब्याने', 'सोबत घेऊन' यापैकी एक घेईन. त्यातही 'मतांवर' सगळ्यात कोरडा आणि खरा, कारण मतं मोजता येतात. सोबत घेऊनमध्ये जरा कौतुक आहे. आणि डिक मॉरिस या सल्लागाराने 1995-96 च्या सुमारास क्लिंटनसाठी जो ट्रँग्युलेशन शब्द रूढ केला त्याचं त्रिकोणीकरण करू नका, त्याने कुणालाच काही कळत नाही, 'दोन्ही पक्षांपासून अंतर राखून मधली भूमिका घेणं' असं सरळ लिहा, चार शब्द जास्त लागले तरी चालतील.

तर ताई, तुमचं वाक्य मी असं करेन: 'स्वतःच्या पक्षातल्या बहुसंख्य खासदारांचा विरोध पत्करून अध्यक्ष क्लिंटन यांनी रिपब्लिकन मतांच्या बळावर नाफ्टा मंजूर करून घेतला.' यातलं बहुसंख्य काढू नका, 102 जण त्यांच्यासोबत होते, नुसतं 'पक्षाचा विरोध' लिहिलं तर त्या 102 जणांवर अन्याय होतो.