मॅट्रिकच्या वर्गाचं कर्तृत्व: फलक सोडा, हस्तलिखित उघडा

तुमचा प्रश्न असा आहे: हायस्कूलला शंभर वर्षं होताहेत, स्मरणिकेसाठी १९५५ ते १९७५ च्या दरम्यानच्या मॅट्रिकच्या वर्गांचे उपक्रम आणि यश यांची माहिती हवी आहे, हॉलमधल्या फलकावरच्या नावांपलीकडे काय मिळेल?

पुष्कळ मिळेल. फक्त ते ऑफिसातल्या रजिस्टरांत नसतं, वाचनालयाच्या सर्वांत खालच्या फळीवर, मुलांनी हाताने लिहून काढलेल्या वार्षिक अंकात म्हणजे हस्तलिखितात असतं, आणि एव्हाना त्याला कसर लागलेली असते.

आधी यशाचं उरकतो. शाळेचं शेवटचं वर्ष तेव्हा अकरावी होतं, नव्या दहावीची पहिली तुकडी १९७५ ला बाहेर पडली. परीक्षेचं नाव एस.एस.सी. झालं तरी घरोघरी ती मॅट्रिकच राहिली. साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास आणि लहान गावात तो एखाददुसऱ्यालाच, तेव्हा आजच्या पंचाण्णव टक्क्यांशेजारी ते आकडे छापून त्या मुलांचं हसं करू नका. संस्कृतवाल्यांसाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती होती, १८६६ पासूनची. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या चिंतामणराव देशमुखांना ती १९१२ ला मिळाली. त्याखेरीज ड्रॉइंगच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, राष्ट्रभाषेच्या प्रबोध-प्रवीण, एन.सी.सी.ची सर्टिफिकेटं. यातलं बरंच शाळेच्या वार्षिक अहवालांत सापडेल.

उपक्रम म्हणाल तर शाळेचा गणपती, १९६२ पासून शिक्षकदिनी खालच्या वर्गांवर तास घेणं, स्नेहसंमेलनात पडद्यामागची हमाली, शेलापागोटे म्हणजे फिशपाँड, आणि निरोप समारंभाच्या वर्गणीतून शाळेला भेट. ही भेट म्हणजे बहुधा भिंतीवरचं घड्याळ नाहीतर तसबीर. तसबिरी खाली उतरवून पाठ बघा. ‘अकरावीचे विद्यार्थी, सन अमुक’ असं पुष्कळदा तिथेच रंगवलेलं असतं.

आता मुद्द्याचं. त्या वर्गांनी स्वतःच्या हातांनी केलेली आणि आजही हातात धरता येईल अशी वस्तू एकच, ती म्हणजे हस्तलिखित. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते तेव्हा तिथल्या वसतिगृहात ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिकच काढत. इतरांची मजल वर्षाला एका अंकापर्यंत. ‘चार लेख जमवले आणि अंक काढला’ असं जे म्हणतात, त्यांनी तो काढलेला नसतो. मी लेखनिक, म्हणजे जमलेले लेख सुवाच्य अक्षरात उतरवणारा होतो, त्यामुळे हे जरा लांबणार आहे.

अंक फुलस्केप आकाराचा, साधारण ७२ पानांचा, प्रत एकच. चित्रं, मुखपृष्ठ, कोरी पानं वजा केली तर लिहायची ५० ते ५२ पानं राहतात. पानावर २० ओळी, ओळीत आठ-नऊ शब्द. सुवाच्य अक्षरात एका पानाला पाऊण तास लागतो. चौघे लेखनिक असले तर प्रत्येकाच्या वाट्याला तेरा पानं. एका बैठकीत दोनच पानं लिहायची, कारण तिसऱ्या पानापासून अक्षर मोठं होत जातं आणि ओळ उजवीकडे चढायला लागते. म्हणजे आठवडा, आणि बिघडलेली पानं धरून दोन. एक लेख एकाच हाताने पुरा करायचा. मध्येच हात बदलला की डोळ्याला ते लगेच टोचतं.

हे काम दिवाळीच्या सुट्टीत व्हायचं, त्यालाही कारण होतं. श्रावण-भाद्रपदात कागद सर्द असतो आणि त्यावर शाई फुटते. शाई पुडीची किंवा गोळ्यांची असे. पूड दर वेळी नव्याने कालवली की छटा बदलते आणि अंकाला ठिगळं लावल्यासारखी पानं दिसतात. म्हणून अख्ख्या अंकाची शाई एकदाच करायची, फडक्यातून गाळायची आणि एका बाटलीत भरून ठेवायची. गाळली नाही तर गाळ निबात अडकतो आणि नेमका शेवटच्या ओळीला थेंब पडतो. शीर्षकं बोरूने म्हणजे वेळूच्या लेखणीने, मजकूर टाकाने म्हणजे शाईत बुडवायच्या निबाच्या लेखणीने. बोरूचं टोक तिरपं तासायचं आणि मध्ये उभी चीर द्यायची. चीर जास्त लांब गेली की टोक फाकतं आणि एका रेघेच्या दोन होतात.

ओळी सरळ येण्यासाठी पेन्सिलीने रेघा मारून नंतर खोडण्यापेक्षा काळ्या ठळक रेघांचा कागद खाली धरणं बरं. कागद जाड असेल तर रेघा दिसत नाहीत. मग खिडकीच्या काचेचा किंवा काचेखाली दिवा ठेवण्याचा उपाय. पेन्सिलीच्या रेघा मारल्याच, तर खोडायला दुसरा दिवस उजाडू द्यावा. शाई वरून वाळलेली दिसते, रबर फिरवलं की पसरते.

सर्वांत जास्त पानं वाया जायची ती समासामुळे. शिलाई कडेने असल्यामुळे त्या बाजूला दीड इंच सोडावे लागतात, बाकी तिन्हीकडे पाऊण इंच पुरे. पुढच्या पानावर शिलाई डावीकडे येते, मागच्यावर उजवीकडे. नवा मुलगा सगळीकडे डावीकडेच समास सोडतो आणि मागच्या पानांवर प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द शिलाईत जातो. जुना अंक वाचताना वाक्यं अर्धवट वाटली तर हे आधी तपासा, लेखकाला नावं ठेवू नका.

चुकलेला शब्द ब्लेडने हलकेच खरवडायचा आणि ती जागा नखाने किंवा चमच्याच्या पाठीने घोटायची, मगच वर लिहायचं. न घोटता लिहिलं की त्या जागी शाई कोळ्याच्या पायांसारखी पसरते. दोनपेक्षा जास्त शब्द असतील तर त्याच कागदाची पट्टी चिकटवायची. पृष्ठांक बांधणी होईपर्यंत पेन्सिलीने, अनुक्रमणिका सर्वांत शेवटी, आणि सुरुवातीला दोन पानं पृष्ठांक न घालता कोरी. कारण मुख्याध्यापकांचे दोन शब्द नेहमी आदल्या दिवशी येतात.

चित्रांवर पोस्टर कलर जाड लावला की पान उलटताना तो तडकतो आणि पुढच्या पावसाळ्यात समोरच्या पानाला चिकटतो. म्हणून प्रत्येक चित्रावर बटर पेपर. बांधणीला टोच्याने कडेपासून अर्ध्या इंचावर पाच भोकं आणि मेण लावलेला दोरा. खळीला वाटीभर मैदा, चार-पाच वाट्या पाणी आणि चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट). मोरचूद विसरलात तर झुरळं आणि कसर दोन वर्षांत पुठ्ठ्याची चाळण करतात. ते विषारी आहे, त्यामुळे भांडं स्वयंपाकातलं घ्यायचं नाही. पुठ्ठ्याला बाहेरून कागद लावला की आतूनही लावायचा, नाहीतर तो वाळताना एका बाजूला ओढला जाऊन वाकतो. मग रात्रभर विटांखाली.

आता सांगा, यात संपादकाने काय केलं? त्याने लेख मागितले, दोन परत केले, आणि ‘हे पुष्प रसिक वाचकांच्या हाती देताना’ अशा थाटाचं संपादकीय लिहिलं. पहिल्या पानावर फोटो त्याचा आणि लेखनिक शेवटच्या पानावर, ‘सुंदर हस्ताक्षर: वर्गमित्र’. आमचे संपादक पुढे मोठ्या हुद्द्यावर गेले. अजूनही दर मेळाव्यात ‘मी हस्तलिखित काढलं’ असंच भाषण करतात. त्यांचं म्हणणं, मजकूर निवडला नाही तर अंक उभाच राहत नाही. माझं म्हणणं, निवडलेला मजकूर पिशवीत भरून ठेवला तर त्याला कुणी अंक म्हणत नाही. हा वाद मिटलेला नाही. तुमच्या स्मरणिकेने मिटवला तर माझी हरकत नाही.

अंकावर साल नसेल तर मजकुरातूनच ठरवा. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरें’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार सर्रास असतील तर अंक बहुधा १९६२ च्या आधीचा, कारण साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने त्या वर्षी मान्य केले. मात्र जुने मराठीचे मास्तर पुढेही बरीच वर्षं अनुस्वार देत होते, तेव्हा एवढ्यावरच विसंबू नका. वर्गणीच्या हिशोबात ‘नये पैसे’ दिसले तर १९५७ ते १९६४ यांच्या जवळपासचा. ‘इ’, ‘उ’ऐवजी ‘अि’, ‘अु’ अशी अ-ची बाराखडी दिसली तर साल कळणार नाही, पण सावरकरांची लिपिसुधारणा मानणारे मास्तर बहुधा शाळेत होते एवढं कळेल.

फोटो काढताना अंक काचेखाली दाबू नका, शिलाई उसवते. खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही असा ठेवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका आणि कौतुकाने लॅमिनेशन तर मुळीच करू नका. चिकटलेला बटर पेपर ओढला की त्याच्याबरोबर रंगही येतो. तो तसाच राहू द्या.

एक सांगायचं राहिलं. सगळ्या शाळांत हस्तलिखित निघत नव्हतं. कागद-रंगांचा खर्च कुठे परवडायचा नाही, कुठे मुख्याध्यापकांना तो अभ्यासाच्या वर्षातला रिकामा उद्योग वाटायचा. पाचवीला वर्गात असलेली बरीच मुलं अकरावीपर्यंत पोचतच नव्हती, तेव्हा ‘संपूर्ण वर्गाने काढलेला अंक’ असं लिहू नका. आणि जिथे मुली वर्गात होत्या तिथे ‘अक्षर चांगलं’ म्हणून लिहायचं काम पुष्कळदा त्यांच्याकडेच यायचं. त्यांची नावं ‘वर्गमित्र’ या शब्दात गेली. लग्नानंतर नाव-गाव बदलल्यामुळे मेळाव्याच्या यादीतही त्या सापडत नाहीत. जनरल रजिस्टरमधून, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीतून, माहेरची नावं काढा, घरच्यांकडून आताचा पत्ता मिळवा. त्यांच्याकडे त्या काळची एखादी वही किंवा जुनं पत्र असेल तर ते अंकाच्या पानांशेजारी ठेवा. ‘ल’ची आणि ‘श’ची गाठ, रफाराचा झोक आणि पूर्णविरामाचा ठिपका की रेघ, एवढं जुळलं तरी हात ओळखू येतो. मग त्यांना विचारून माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं छापा.

संपादकांचं नाव गाळा असं मी म्हणत नाही. लेखनिकांच्या खाली, त्याच टायपात छापा.