सुपरनोव्हा अवशेषातल्या वायूचं तापमान: फिट छान बसला म्हणजे बरोबर आलं का?

तुम्ही विचारलंय: कॅसिओपिया ए या सुपरनोव्हा अवशेषाचा चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीचा वर्णपट घेतला, एपेकचे (तापलेल्या वायूच्या तयार मॉडेलचे) दोन घटक लावले, रिड्यूस्ड काय-स्क्वेअर (फिट किती जुळतो त्याचं माप) एकाजवळ आला, कोल्हापुरात बसून एवढ्यावर एम.एस्सी.चा प्रकल्प होईल का?

होईल. पण तुमचं तापमान चुकलंय, आणि फिट छान दिसतोय म्हणून ते कुणी तपासणार नाही. छोट्या भागाच्या, कमी फोटॉनांच्या वर्णपटाला दोन घटकांचं एपेक कसंही बसतं.

एपेक धरून चालतं की वायू आयनीकरणाच्या समतोलाला पोचलाय, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटणं आणि परत जुळणं सारख्याच वेगानं होतंय. त्यासाठी इलेक्ट्रॉनांची घनता (घन सेंटीमीटरमागे) गुणिले काळ (सेकंदांत) हा आकडा १० च्या १२ व्या घाताजवळ जावा लागतो. घन सेंटीमीटरमागे एक इलेक्ट्रॉन धरला तर ३२ हजार वर्षं झाली. कॅसिओपिया ए चं वय साडेतीनशे! घनता दहापट धरा, तरी वेळ पुरत नाही. गुऱ्हाळावर रसाचा नुसता रंग बघून जाळ सांगता येत नाही, काहील चुलवाणावर किती वेळ आहे तेही कळावं लागतं. सिलिकॉनची १.८६ आणि गंधकाची २.४५ केईव्हीची (केईव्ही म्हणजे किलो इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक; तापमानही यातच सांगतात) रेषा म्हणजे तो रंग. समतोल गृहीत धरला की काहील आत्ताच चढवलीय हे विसरून आपण जाळच मंद ठरवतो.

म्हणून व्हीपीशॉक (समतोल न धरणारं, धक्क्यानं तापलेल्या वायूचं मॉडेल) लावा, पुढे टीबॅब्स (वाटेतल्या वायूनं शोषलेला प्रकाश हिशोबात धरणारं). वाटेतल्या हायड्रोजनचा स्तंभ दर चौरस सेंटीमीटरला १.५ गुणिले १० चा २२ वा घात अणू, तापमान २ केईव्ही, आयनीकरणाचा काळ (वरचाच घनता गुणिले काळ) ५ गुणिले १० चा १० वा घात इथून सुरुवात करा. सिलिकॉन, गंधक, आरगॉन, कॅल्शियम, लोह यांची प्रमाणं फिटमध्ये मोकळी सोडा. तापमान आणि काळ एकमेकांची चूक झाकतात, तेव्हा स्टेपारने (फिटिंगच्या एक्सस्पेक सॉफ्टवेअरमधली आज्ञा) दोघांचा आलेख काढल्याशिवाय आकडा लिहू नका.

अख्खा अवशेष एकत्र घेऊ नका, पाच-दहा विकलांचे (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तुकडे घ्या. स्पेकएक्स्ट्रॅक्टमध्ये (तुकड्याचा वर्णपट काढणारी आज्ञा) वेट हा पर्याय चालू, करेक्टपीएसएफ बंद. पार्श्वभूमी त्याच चिपवरची, अवशेषाबाहेरची. निरीक्षणं २००४ ची घ्या: चंद्राच्या शोधकाच्या (डिटेक्टरच्या) गाळणीवर वर्षानुवर्षं थर साचत गेलाय, नंतरच्या डेटात १ केईव्हीखालचं फार थोडं उरतं.

‘आधी सोपं समतोलाचं मॉडेल, मग बघू’ हा सल्ला बरेच मार्गदर्शक देतात. मला तो मुळीच मान्य नाही. ते ‘मग’ कधी येत नाही, प्रबंधात चुकीचा आकडा तसाच छापला जातो.

हां, काही दाट गाठी समतोलाच्या जवळ पोचलेल्या असतात. आणि बाहेरच्या कडेच्या बारीक तंतूंमध्ये रेषा जवळजवळ नसतात, तो सिंक्रोट्रॉन प्रकाश आहे (चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा); तिथं ऊष्मीय मॉडेल लावूच नका. शिवाय जे मिळतं ते इलेक्ट्रॉनचं तापमान, आयनांचं त्याहून जास्त असू शकतं.

संगणकाचं म्हणाल तर लिनक्स टाकलेला साधा लॅपटॉप चालतो. २००४ ची दहा लाख सेकंदांची निरीक्षणं नऊ भागांत आहेत, सगळ्यांना खुली आहेत. प्रकल्पाला एक भाग पुरतो.