शोकसभेत पहिल्यांदाच बोलणार असशील तर

भावा, तीन मिनिटं पुष्कळ झाली. गेलेल्या माणसाचं जन्मगाव, नोकरीची वर्षं, बढत्या हे सूत्रसंचालक सांगतोच. तू एकच प्रसंग धर. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये नव्या पोराला त्यांनी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) कसा धरायचा ते शिकवलं असेल, तर तेच सांग. 'हसतमुख, मनमिळाऊ' सगळेच म्हणतात.

नवखे हमखास चुकतात ते दोन ठिकाणी: स्वतःबद्दलच बोलत बसतात, नाहीतर दवाखाना आणि शेवटचे दिवस उकरून काढतात. घरचे समोर बसलेले असतात रे!

थट्टेचा किस्सा चालतो, माझ्या मते हवाच. फक्त वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, आधी विचार. मुद्दे कागदावर लिहून ने. गळा दाटला तर थांब, पाणी पी.